इतकं रक्त दाखवायलाच हवं का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मारधाडीचे चित्रपट आणि ऐतिहासिक मालिका यांवर वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : ऐतिहासिक मालिका मी एक दिवसही चुकवत नाही. मारधाडीच्या चित्रपटांना मात्र जात नाही. एकटा नायक पन्नास जणांना कापत सुटतो, त्यात बघायचं काय? पण मुलांच्या आग्रहाखातर संभाजी महाराजांवरचा चित्रपट पाहायला गेले आणि शेवटच्या छळाच्या प्रसंगात मान खाली घालून बसले. घरचे म्हणतात, "हा इतिहास आहे, तो बघायलाच हवा." माझं काही चुकतंय का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमचं चुकत नाही. घरच्यांचं म्हणणंही अर्धं खरं आहे, ते अर्धं कोणतं ते आधी पाहू.

संभाजी महाराज १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरात पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांची हत्या झाली. विदूषकाचा पोशाख चढवून काढलेली धिंड, डोळे काढणं, शेवटी शिरच्छेद हे सगळं मोगलांच्या बाजूच्या लेखकांनीच लिहून ठेवलं आहे. साकी मुस्तैदखान, ईश्वरदास नागर, भीमसेन सक्सेना आणि थोडा नंतरचा खाफीखान ही त्यातली मुख्य नावं. पण हे लेखक तो प्रसंग थोडक्यात उरकतात. अमुक दिवशी अमुक यातना, त्या वेळी झालेली बोलाचाली, साखळदंडांतली झुंज हा सगळा तपशील कादंबरीकारांनी आणि पटकथाकारांनी भरलेला आहे. म्हणजे मृत्यू इतिहासातला आहे, पण पडद्यावरची प्रत्येक जखम इतिहासातली नाही. मान खाली घातल्यानं तुम्ही इतिहासाकडे पाठ फिरवली असं होत नाही.

आता हिंसा किती चालेल, हा प्रश्न. रक्त लिटरात मोजून त्याचं उत्तर मिळत नाही. कॅमेरा कुठे रोखला आहे ते बघायला हवं. जखमेवर रोखला असेल, त्याच क्षणी गती मंदावली असेल आणि मांस फाटल्याचा आवाज पार्श्वसंगीताच्या वर चढवला असेल, तर दिग्दर्शकाला तुम्हाला हादरवायचं आहे. कॅमेरा चेहऱ्यावर असेल, किंवा पाहणाऱ्या माणसांवर असेल, तर त्याला काहीतरी सांगायचं आहे. त्याच प्रसंगात औरंगजेबाच्या छावणीतल्या एखाद्या साध्या शिपायाचा चेहरा दाखवला असता, तर दहा जखमांनी होतं त्याहून जास्त काम झालं असतं.

मारधाडीच्या चित्रपटांबद्दलचा तुमचा आक्षेप रास्त आहे. तिथे मरणाऱ्याला नाव नसतं आणि नायकाच्या खांद्यात घुसलेली गोळी पुढच्या गाण्यापर्यंत बरी झालेली असते. तलवारीचा खोल वार लागलेला माणूस बहुतेकदा रक्तस्रावानं किंवा पुढे जखम चिघळून, तापानं फणफणून जायचा. हे दाखवायला पडद्यावरचा वेळ द्यावा लागतो. तो न देता प्रेतांची संख्या वाढवणं सोपं पडतं.

ऐतिहासिक चित्रपटांबद्दल आमची खरी तक्रार वेगळीच आहे. ते हत्येपाशी थांबतात. पुढे काय झालं? येसूबाईंनी रायगडावर धीर न सोडता राजारामांना बाहेर काढण्याचा निर्णय घेतला आणि राजाराम जिंजीला पोचले. १६८९ च्या नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत गेले. येसूबाई परतल्या त्या १७१९ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. संताजी-धनाजींनी मोगली फौजांची झोप उडवली, १७०० नंतर ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली आणि औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मेला, तोवर लढाई चालूच होती. छळाला दिलेल्या वेळातला निम्मा वेळ येसूबाईंच्या त्या निर्णयाला मिळाला असता, तर प्रेक्षक नुसता संतापून नव्हे, काही समजून घरी गेला असता.

प्रश्न : आमचं मंडळ यंदा पावनखिंडीवर अर्ध्या तासाचं नाटक बसवतंय. खोटं रक्त आणि तलवारींचं काय करावं? मागच्या वेळी कुंकवाचं पाणी वापरलं, ते गुलाबी दिसलं आणि कपड्यांचे डाग काही गेले नाहीत. (मंडळाचे कार्यकर्ते, इचलकरंजी)

उत्तर : कुंकवाचं पाणी पातळ असतं, त्यामुळे ते ओघळून फिकं पडतं. एक वाटी लिक्विड ग्लुकोज घ्या. केक-बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. त्यात दोन मोठे चमचे पाणी, दोन लहान चमचे खाण्याचा लाल रंग आणि अर्धा लहान चमचा कोको पावडर घाला. कोको आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या दिसतात. शेवटी निळ्या रंगाचा एकच थेंब टाका. लाल रंगाचा भडकपणा त्यानं मोडतो. दोन-तीन थेंब पडले तर मिश्रण जांभळं होतं. स्टेजवरचे दिवे पिवळट असतील तर कोको थोडा कमी करा, नाहीतर रक्त चॉकलेटसारखं दिसेल. साखरेचा पाक वापरू नका, तासाभरात त्याची साखर धरते. कपड्यांवर लागणार असेल तर मिश्रणात एक चमचा भांडी घासायचा द्रव साबण घाला, डाग सुटायला मदत होते. तोंडातून रक्त काढायचं असेल तेव्हा मात्र साबण घातलेलं मिश्रण चुकूनही वापरू नका, त्यासाठी वेगळी बाटली ठेवा. प्रयोग संपला की स्टेज लगेच ओल्या फडक्यानं पुसा. मुंग्या लागतात, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या प्रवेशात पाय घसरतो.

तलवारी ॲल्युमिनियमच्या घ्या. धार तीन मिलिमीटरपर्यंत बोथट आणि टोक गोल हवं. मूठ आणि पातं जिथे जोडलंय तो सांधा प्रत्येक तालमीआधी हलवून बघा. पातं निसटून प्रेक्षकांत जाणं हा सगळ्यात मोठा धोका आहे. दांडपट्टा हौशी कलाकाराच्या हाती देऊ नका. त्यात हात कोपरापर्यंत अडकलेला असतो, मनगट वळत नाही आणि वार ऐन वेळी आवरता येत नाही. मर्दानी खेळ शिकलेला कोणी तुमच्या इचलकरंजी-कोल्हापूर भागात सहज मिळेल, पट्टा त्यालाच द्या.

लढाई आकड्यांवर बसवा. एकला नजर भिडवायची, दोनला हात उचलायचा, तीनला वार, चारला अडवणं. पहिले आठ दिवस निम्म्या गतीनं. वाराचा नेम समोरच्याच्या अंगापासून वीतभर बाहेर धरायचा. बाजूनं पाहणाऱ्याला तो फरक कळत नाही. चेहऱ्याच्या उंचीवर आडवा वार कधीही नाही. अपघात होतात ते बहुधा प्रयोगाच्या दिवशीच, कारण टाळ्या ऐकून गती वाढते. म्हणून मोठ्यानं आकडे म्हणणारा एक माणूस विंगेत उभा ठेवा.

एक सुचवणी. पन्हाळ्यातून महाराज निघाले ती १२ जुलै १६६० ची रात्र भर पावसातली होती. स्टेजवर फटाक्यांच्या बंदुका वाजवण्यापेक्षा सगळ्यांना भिजलेले दाखवा. पावसात तोडा, म्हणजे बंदुकीची दारू पेटवणारी जळती वात, विझतो, म्हणून खिंडीतली लढाई भाल्या-तलवारींची दाखवणं जास्त पटणारं आहे.

प्रश्न : म्यानातून तलवार काढताना येणारा 'श्शिंग' आवाज, तोफगोळा पडल्यावर उठणारा आगीचा लोळ हे खरं असतं का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : आवाज ध्वनिमुद्रणाच्या खोलीत नंतर जोडलेला असतो. म्यान लाकडाचं, वरून चामडं किंवा मखमल लावलेलं. त्यातून पातं काढलं की हलकी घासल्यासारखी खरखर होते, बाकी काही नाही. वजनाचंही तसंच. लढाईतली तलवार साधारण एक-सव्वा किलोची असे. चार-पाच किलोची तलवार घेऊन दिवसभर लढणं कोणत्याही मनगटाला जमणार नाही.

तोफेचा गोळा बहुतेकदा भरीव, लोखंडाचा किंवा दगडाचा. तो भिंत फोडतो, माणसं चिरडतो, जमिनीवर उसळ्या घेत पुढे जातो, पण फुटत नाही. फुटणारे गोळे उखळी तोफांतून टाकत, पण म्हणून प्रत्येक गोळ्याला आगीचा लोळ उठत नव्हता. तोड्याच्या बंदुकीत दारू ओतायची, गोळी टाकायची, गजानं ठासायची, कानाशी रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, भरायचं, मग तोडा लावायचा. एका बारानंतर दुसऱ्या बारापर्यंत अर्धा मिनिट सहज जायचा. पडद्यावर ओळीनं धडाधड बार उडतात तेव्हा हा अर्धा मिनिट आठवा. तलवारी अखेरपर्यंत का टिकल्या, ते त्यातून कळतं.

प्रश्न : चित्रपटावर 'यूए १६+' लिहिलं होतं, तरी माझ्या नऊ वर्षांच्या नातवाला आत सोडलं. हे नियमात बसतं का? आणि मालिकेत अति झालं तर तक्रार कुठे करायची? (निवृत्त शिक्षक, पणजी)

उत्तर : बसतं. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए गटाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले, पण ते पालकांना सावध करण्यासाठी आहेत. मूल न्यायचं की नाही, हे पालकच ठरवतात. 'ए' प्रमाणपत्राची गोष्ट वेगळी. तिथे १८ वर्षांखालच्या मुलाला आईवडिलांसोबतही प्रवेश नाही.

मालिकांना प्रक्षेपणाआधी सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यांना केबल टेलिव्हिजन कायद्याखालची कार्यक्रम संहिता लागू होते. तक्रार आधी वाहिनीकडेच लेखी करायची. त्यात मालिकेचं नाव, तारीख, वेळ आणि नेमकं दृश्य लिहा. "फार हिंसा असते" एवढंच लिहिलं तर उत्तरही तितकंच मोघम येतं. वाहिनीनं २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायला हवा. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील करता येतं. ओटीटीवर मुलांसाठी वेगळं प्रोफाइल करून मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. नुसतं मुलांचं प्रोफाइल करून भागत नाही, मूल शेजारचं चित्र दाबून बाहेर पडतं.

प्रश्न : मालिकेत दाखवलेलं खरं की खोटं, हे सामान्य माणसानं कसं ओळखावं? (एक वाचक, बडोदे)

उत्तर : त्या काळातलं पत्र सगळ्यात वर. त्याखाली शकावल्या, म्हणजे घटनांच्या तारीखवार याद्या, आणि परकीयांच्या नोंदी, मग बखरी, मग पोवाडे, मग कादंबऱ्या. मालिका बहुधा कादंबरीवरून निघते, हे लक्षात ठेवा.

सिंहगडाचंच घ्या. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची चढाई आणि तानाजींचा मृत्यू याबद्दल शंका नाही. घोरपड आली ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून. सभासद बखरीत मावळे कड्यावरून वानरासारखे चढले असं वर्णन आहे. 'गड आला पण सिंह गेला' हे आपल्या तोंडी बसलेलं वाक्य. सभासदाकडे आहे ते "एक गड घेतला, परंतु एक गड गेला". आणि गडाचं सिंहगड हे नाव त्याआधीच्या, १६६३ च्या पत्रातही सापडतं. म्हणून घोरपड दाखवूच नये असं नाही. पोवाडा ही आपली ठेव आहे. फक्त तो प्रसंग शाहिराच्या तोंडून येऊ द्यावा, म्हणजे प्रेक्षकाला उगम कळतो.

बखर कधी लिहिली आणि कोणी, हेही पाहायला हवं. सभासदाची बखर शिवाजी महाराजांनंतर वीस वर्षांच्या आतली. मल्हार रामराव चिटणीसांची बखर १८१० च्या आसपासची, म्हणजे संभाजी महाराजांनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेली. आणि लेखकाचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी मृत्युदंड दिला होता. त्या बखरीतल्या रंगवलेल्या संभाजींवर पिढ्यान्‌पिढ्या नाटकं झाली. वा. सी. बेंद्रे यांचं चरित्र १९६० मध्ये आलं, तेव्हा कुठे कागदपत्रांतले संभाजी महाराज लोकांसमोर आले. आज चित्रपट दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांच्याकडून केवळ लढाया करून घेतात. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ रचणारा राजा त्यात दिसतच नाही.

प्रश्न : मालिकांतल्या लढाया इतक्या फुसक्या का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता बावीस मिनिटांच्या आसपास मजकूर उरतो आणि असा भाग जवळजवळ रोज लागतो. चित्रपटात तीन मिनिटांच्या लढाईला फाइट मास्टर आठवडा घेऊ शकतो, मालिकेत एखादा दिवस मिळतो. वीस-पंचवीस ज्युनिअर आर्टिस्ट, मागे क्रोमाचा, म्हणजे नंतर संगणकावर देखावा भरायचा एकरंगी पडदा, उरलेली फौज संगणकावर वाढवलेली. मग उरतात ते चेहऱ्यांवरचे झूम आणि तोच वार तीनदा.

लढाई परवडत नसेल तर कमी दाखवावी. चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला गेलेलं शिवकालीन पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतक्या बारकाईनं त्यात बजावलं आहे. एक छावणी, चार शिपाई, एक कारकून आणि एक घाबरलेला शेतकरी एवढ्यावर पूर्ण भाग उभा राहतो. त्यात ताणही आहे आणि एकही वार नाही.

प्रश्न : लढाईत घोडे कोसळतात ते खरेच पाडतात का? (इयत्ता आठवी, सोलापूर)

उत्तर : पूर्वी पायात तार अडकवून पाडत, त्यात घोड्यांचे पाय मोडत. आता चित्रपटात प्राणी वापरायचा तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधी घ्यावी लागते, पशुवैद्याचा दाखला द्यावा लागतो आणि मंडळाचं ना हरकत प्रमाणपत्र असल्याशिवाय सेन्सॉरचं काम पुढे सरकत नाही. त्यामुळे कोसळणारा घोडा हल्ली बहुधा संगणकावर केलेला असतो. ओळखायचा असेल तर त्याच्या खुरांकडे बघ. खरा घोडा धावताना माती मागे उडते, संगणकावरच्या घोड्याखालची धूळ पुष्कळदा एकसारखी आणि पायांपासून सुटलेली दिसते.