एआय सगळं वाचून दाखवतंय, मग दृष्टिहीन बहिणीला स्क्रीन रीडर कशाला शिकवायचा?

तुम्ही लिहिलंय की बहीण २२ वर्षांची, रेटिनायटिस पिगमेंटोसामुळं नजर गेली. गाव सेलूजवळ. फोटो काढला की फोन सगळं वाचतो, तर कॉम्प्युटर अन् स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, शिकण्यात वर्ष कशाला घालवायचं?

शिकवा, दादा. मी स्वतः पूर्ण दृष्टिहीन आहे, परभणीत राहतो, दोन्ही रोज वापरतो.

मागच्या दिवाळीआधी बाबा मोंढ्यातून सोयाबीनची पट्टी घेऊन आले. हातानं लिहिलेली, तीही कार्बनखालची. फोटो काढून एआयला दिला. त्यानं ठसक्यात वाचलं: ११ क्विंटल, भाव ४,२००, एकूण ७९,८००. म्हणलं, थांब. ११ क्विंटलचे ४६,२०० होतात. आडत्यानं १९ लिहिले होते, यंत्रानं ९ चा १ केला. चुकलं त्याचं काही नाही, पण आवाज जरासुद्धा चाचरला नाही. माणूस असता तर "इथं नीट लागंना" म्हणाला असता. पट्टीचा ताळा करता आला. गोळ्यांच्या पाकिटावरच्या तारखेचा कसा करणार?

स्क्रीन रीडर असा अंदाज बांधत नाही. तो पडद्याचं चित्र बघतच नाही, त्यामागचा मजकूर उचलून बोलतो. त्यामुळं आत जे लिहिलंय तेच सांगतो, आणि लिहिलेलं नसेल तर नुसतं "बटण, बटण, बटण". अॅप बनवणाऱ्यानं बटणाला नावच दिलेलं नसतं.

एआयचे उपकार मी नाकारत नाही. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली परिपत्रकं अजून फिरतात: डोळ्याला मराठी, आत इंग्रजी अक्षरांची खिचडी. स्क्रीन रीडर ती खिचडीच वाचतो. पूर्वी असली पीडीएफ आली की शेजारच्या पोराला हाक मारायची आणि त्याचं जेवण होईपर्यंत थांबायचं. एआय अक्षराचा आकार बघतं, म्हणून ते सरळ मराठी वाचतं. स्कॅन केलेले कागद, व्हॉट्सअॅपवरची लग्नपत्रिका, तेही तसंच. त्यासाठी बहिणीच्या फोनमध्ये बी माय आइज किंवा लुकआउट हे अॅप आजच टाका. पासबुक, आधार मात्र त्यात घालू नका. फोटो बहुतेक वेळा बाहेरच्या सर्व्हरवर जातो.

पण वाचून झालं म्हणजे अर्धंच काम झालं. फॉर्म भरायचा, चुकलेल्या रकान्यात परत जायचं, वेळ संपायच्या आत ओटीपी टाकायचा, हे बोटांनीच करावं लागतं. एका बँकेच्या अॅपनं केवायसी करताना मला कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगितलं. चेहरा चौकटीत आहे की नाही तेच कळेना, मिचकवू काय! तिथं एआय असून उपयोग नव्हता, कारण दारच चुकीचं बांधलेलं. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि केवायसीत डोळे मिचकवण्याला दुसरा पर्याय ठेवायला सांगितलं. निकालाची प्रत फोनमध्ये ठेवा. काउंटरवर "अंगठा द्या, नाहीतर कुणाला तरी घेऊन या" सुरू झालं की दाखवायला बरी पडते.

आता शिकायचं कुठून? एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर घ्या. फुकट आहे, विंडोजवर चालतो, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या दृष्टिहीन तरुणानं सुरू केला. एकदा टाकला की नेट लागत नाही, आपल्याकडच्या रेंजला हे मोठं सुख. पहिले पंधरा दिवस माउस कपाटात ठेवा. वेबपानावर एच दाबलं की पुढचं शीर्षक, बी दाबलं की पुढचं बटण, ई दाबलं की लिहायची चौकट. एवढ्यावर बरंच चालतं. मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीनं शिकवा, कळांच्या जागा बोटात बसतात. वर्षबिर्ष लागत नाही, रोज बसली तर तीन-चार महिन्यांत हात बसेल.

एनव्हीडीएतला मराठी आवाज सुरुवातीला डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा लागतो. घरचे दोन दिवसांत वैतागतील, तेव्हा इअरफोन घेऊन द्या. एकाच कानात घालायला सांगा, दुसरा कान घरात काय चाललंय त्यासाठी मोकळा लागतो.