'रेअर' या व्हिडिओ गेम कंपनीच्या आधी स्टॅम्पर बंधू काय करत होते?

'अल्टिमेट प्ले द गेम' या नावाने घरगुती कॉम्प्युटरसाठी गेम काढत होते. टिम आणि ख्रिस स्टॅम्पर यांनी साथीदारांसह १९८२ साली इंग्लंडच्या लेस्टरशरमधल्या ॲश्बी-डी-ला-झूश या लहानशा गावात ही कंपनी काढली. १९८३चा 'जेटपॅक' अवघ्या १६ केबी मेमरीच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर चालायचा: रॉकेटचे भाग उचलून एकावर एक रचायचे, इंधन भरायचं आणि उडायचं. एवढ्याशा जागेत इतका सफाईदार खेळ बसवणं ही खरी कारागिरी.

पण माझ्या मते त्यांची कमाल म्हणजे १९८४चा 'नाइट लोर'. तिरक्या कोनातून दिसणाऱ्या खोल्या, ठोकळे ढकलून त्यांवर चढायचं! टिमच्या सांगण्यानुसार तो 'सेबर वुल्फ' या त्यांच्याच दुसऱ्या गेमच्या आधीच तयार होता. आधी आणला असता तर 'सेबर वुल्फ' कोणी घेतलाच नसता, म्हणून मुद्दाम मागे ठेवला. पुढे 'अल्टिमेट' यूएस गोल्ड या गेम प्रकाशक कंपनीकडे गेली आणि दोघे भाऊ 'रेअर'मधून जपानी गेम कंपनी निन्टेंडोकडे वळले.