‘माजी सैनिक’ की ‘माजी सैनिका’?

प्रश्न असा आला आहे : शाळेत सैन्यातून निवृत्त झालेल्या एका मेजर बाईंचा सत्कार आहे. मानपत्रावर ‘माजी सैनिक’ लिहावं, ‘माजी सैनिका’ की ‘वीरनारी’?

‘माजी सैनिक’ लिहा, अगदी निःशंकपणे.

लेखक-लेखिका, शिक्षक-शिक्षिका या जोड्या कानात बसलेल्या असतात, म्हणून ‘सैनिका’ सुचतं. पण ते शब्द ‘अक’ने संपतात, ‘सैनिक’ हा ‘सेने’ला ‘इक’ लागून झालाय. संस्कृतात त्याचं स्त्रीलिंग ‘सैनिकी’ होईल, पण मराठीत ते ‘सैनिकी शाळा’ असं विशेषण होऊन बसलं आहे. ‘नगर’पासून झालेला ‘नागरिक’ पाहा. ‘ती भारताची नागरिक आहे’ असंच आपण म्हणतो, ‘नागरिका’ कुणी म्हणत नाही. बाई की पुरुष, हे क्रियापद सांगतं : ‘माजी सैनिक आल्या, बोलल्या’. ‘माजी’ हा अरबीतून आलेला शब्दही लिंगानुसार बदलत नाही. माजी विद्यार्थी, माजी विद्यार्थिनी.

‘वीरनारी’ मात्र इथे लिहू नका, कळकळीने सांगतो. सैन्याच्या परिभाषेत वीरनारी म्हणजे हुतात्मा सैनिकाची पत्नी. तो मान फार मोठा आहे, पण तो पतीच्या बलिदानाचा आहे. एका कार्यक्रमात लष्करी परिचर्या सेवेतल्या एका निवृत्त कॅप्टन बाईंना वीरपत्नींच्या रांगेत बसवलेलं मी पाहिलंय. निवेदकाने विचारलं, “साहेब कुठल्या युनिटला होते?” बाई शांतपणे म्हणाल्या, “साहेब बँकेत होते. युनिटला मी होते.” त्यांच्या मांडीवरच्या पाकिटावर ‘श्रीमती’ छापलं होतं, हुद्दा नव्हताच.

‘वीरनारी’ आणि ‘अधिकारी’ हे दोन्ही शब्द एकाच व्यक्तीला लागू पडावेत, असं उदाहरण साताऱ्याचं आहे. कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईचं प्रशिक्षण पुरं करून सप्टेंबर 2017 मध्ये लेफ्टनंट झाल्या. त्या वीरनारी आहेत पतीमुळे, अधिकारी झाल्या स्वतःच्या कष्टाने. एका शब्दात दुसरा बुडवून कसं चालेल?

आणि बायकांची ही सेवा काही कालची नाही. लष्करी परिचर्येची सुरुवात 1888 ची. डॉक्टर-परिचारिकांपलीकडच्या शाखांची दारं 1992 मध्ये उघडली, तीही अल्पमुदतीच्या कमिशनवर, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्याच अधिकारी-नेमणुकीवर. जवान म्हणून 83 जणींची पहिली तुकडी लष्करी पोलिसांत दाखल झाली ती 2021 मध्ये.

अल्पमुदतीवरून ‘निवृत्त’ शब्दाकडे येतो. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी साधारण 20 वर्षांची सेवा लागते. कित्येक जणी 14 वर्षांच्या आतच मुदत संपून बाहेर पडल्या, निवृत्तिवेतनाविना. ‘निवृत्त’ म्हटलं की लोक धरून चालतात, पेन्शन असेलच, हिला कशाची गरज? ‘माजी’मध्ये तसा गैरसमज होत नाही. शिवाय सरकारदरबारी चालणारा शब्दही ‘माजी सैनिक’ हाच आहे. तिने स्वतःच्या सेवेवर काही मागितलं तर ‘पतीचं नाव?’ हा प्रश्न आधी येऊ नये.

नावाआधी ‘मेजर’ पुरेसं आहे, त्यापुढे ‘श्रीमती’ नको. छापायला देण्याआधी बाईंना एक फोन करा. कोअर, म्हणजे सैन्यातली शाखा, कोणती, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कुठे कुठे नेमणूक होती, हे विचारा आणि ‘देशसेवा केली’ या शब्दांच्या जागी तेच छापा.