बंदूक नव्हती म्हणून परत गेलेली मुलगी

प्रश्न : नववीच्या वर्गात बालसैनिकांचा विषय निघाला. एका मुलाने विचारलं, "बाई, त्यांनी माणसं मारली, मग त्यांना शिक्षा का नाही?" दुसरी म्हणाली, "बंदूक काढून घेतली की संपलं ना?" मला धड उत्तर देता आलं नाही. तुम्ही पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये परिचारिका होतात. मुलांना काय सांगू?
– एक शिक्षिका, कराड

उत्तर : बाई, त्या मुलाला सांगा, शिक्षा झाली, पण ज्यांनी पोरांना पळवून नेलं त्यांना. ११ वर्षं चाललेलं तिथलं यादवी युद्ध २००२मध्ये संपलं. नंतर बसलेल्या विशेष न्यायालयाला गुन्ह्याच्या वेळी १५ वर्षांखाली असलेल्या कुणावर खटलाच चालवता येत नव्हता. त्याच न्यायालयाने २००७मध्ये तिघा म्होरक्यांना लहान मुलांना लढाईत जुंपल्याबद्दल दोषी ठरवलं. कुठल्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयाने असा निकाल देण्याची ती पहिलीच वेळ. फार उशीर झाला होता, पण झालं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे.

२००१मध्ये मी तिथल्या एका निवारा केंद्रात होते. बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा रोज सकाळी माझ्याकडे यायचा. बंडखोरांच्या संघटनेची तीन अक्षरं, आर.यू.एफ., त्याच्या छातीवर ब्लेडने कोरलेली होती. पळून गेला तरी ओळखू यावा म्हणून. जखम कधीच भरलेली, व्रण सुतळीसारखे वर आलेले. औषध लावण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याला फक्त पट्टी हवी असायची, अक्षरं झाकायला. मी रोज बांधत होते. साठ्यातल्या पट्ट्या संपत आल्यावर वरून विचारणा झाली, तरी बांधली.

त्याला गावी पोचवायला मीही गेले. आई दाराशी आली नाही, आतच बसून राहिली. गावातल्या जाणत्यांनी प्रार्थना केली, त्याच्या डोक्यावर आणि पायांवर पाणी शिंपडलं. मला आपल्याकडचं आठवलं, लांबून आलेल्याच्या पायांवर पाणी घालतो ना, तसंच. मग आई उठली. भात आणि कसाव्याच्या पाल्याची भाजी तिने त्याच्यापुढे ठेवली. हा घास मिळेपर्यंत बंदूक खाली ठेवून काही उपयोग नसतो, असं माझं ठाम मत आहे.

युद्ध संपेपर्यंत जवळजवळ ७,००० मुलांची अशी नोंद होऊन सुटका झाली. मुली त्यात फारच थोड्या. वास्तविक जंगलात त्यांची संख्या कमी नव्हती. त्या लाकडं, पामतेलाचे डबे, दारूगोळा वाहायच्या, रांधायच्या, आणि म्होरक्यांनी त्यांना 'बायका' करून ठेवलं होतं. पण कितीतरी ठिकाणी नोंदीचं कार्ड मिळवायला हत्यार दाखवावं लागे.

अशीच एक मुलगी आमच्या फाटकाशी आली होती. पंधरा-सोळाची असेल. तान्हं बाळ फडक्याने पाठीशी बांधलेलं. फाटकावरच्याने बंदूक विचारली. तिने मान हलवली. "मग कार्ड नाही." मी आतून ऐकत होते आणि हातातलं काम उरकत बसले. बाहेर आले तेव्हा ती रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती.

बालसैनिकांबद्दलच्या २००७च्या आंतरराष्ट्रीय पॅरिस तत्त्वांमध्ये आता स्पष्ट लिहिलंय : स्वयंपाक करणारी, ओझी वाहणारी, निरोप पोचवणारी मुलं आणि शरीरासाठी वापरलेल्या मुलीसुद्धा बालसैनिकांतच मोडतात, हातात बंदूक असो वा नसो. वर्गात हे वाचून दाखवा, मुलींना आधी. त्या मुलीचं नाव आमच्या वहीत नाही. वहीत नाव कार्डावरून चढायचं.