‘हे कुणालाही सुचलं असतं’ एवढंच लिहून पेटंट नाकारलं. अपिलात काय मांडावं?

तुमची हकीकत अशी: जालन्यात सोयाबीनचं मळणीयंत्र बनवलं, दाण्यातल्या ओलाव्यानुसार ड्रमचे फेरे आपोआप कमी-जास्त होतात. कंट्रोलरनं, म्हणजे पेटंट कार्यालयातल्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यानं, गव्हाच्या मळणीयंत्राचं जुनं पेटंट (डी-१) आणि भात वाळवायच्या यंत्रातला ओलावा मोजणारा सेन्सर (डी-२) दाखवून ‘जाणकाराला हे सहज सुचलं असतं’ या एका वाक्यावर अर्ज फेटाळला.

मी संभाजीनगरात पेटंट एजंट आहे. माझ्या मते अपील करायलाच हवं.

बहुतेक जण अपिलात आपल्या यंत्राचे गुण सांगत बसतात. तुम्ही आदेशावर बोट ठेवा. दोन कागदांत दोन भाग सापडले म्हणून ते एकत्र आणणं आपोआप सोपं ठरत नाही. डी-२ मधला सेन्सर भात वाळला की हीटर बंद करतो. तो उचलून ड्रमच्या गतीला जोडावा, असं कुणाला का वाटावं? गव्हाच्या यंत्रात ती अडचणच मांडलेली नाही. सोयाबीनचं टरफल पातळ, मार जरा जास्त बसला की दाण्याची डाळ होते, नाहीतर वरून धड दिसतो पण उगवत नाही. घरचं बियाणं राखणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे पेरणीनंतरच कळतं. ही अडचण आधी कुणी ओळखली होती, ते आदेशात कुठंय? ‘सर्वसामान्य ज्ञान’ म्हटलं असेल तर त्याला आधार कोणता? सुनावणीनंतरच्या लेखी म्हणण्यात तुम्ही हे मांडलं असेल आणि आदेश त्यावर गप्प असेल, तर ते पान जोडाच.

दिल्ली उच्च न्यायालयाचा २०२२ चा अ‍ॅग्रीबोर्ड निकाल वाचा. आधीचं ज्ञान काय, अर्जातला शोध काय आणि जाणकाराला तो कसा सुचला असता, या तिन्हींचा विचार कंट्रोलरनं केलाच पाहिजे, असं त्यात आहे. मुंबई उच्च न्यायालयावर तो बंधनकारक नाही, पण वजन पडतं. तुमच्या आदेशात तिसरी गोष्ट नाहीच.

अपील कलम ११७अ खाली, आदेशाच्या तारखेपासून तीन महिन्यांत. २०२१ मध्ये अपील मंडळ बंद झाल्यापासून ते उच्च न्यायालयात जातं, तुमचं मुंबईला, वकील लागेलच. जिंकलात तरी लगेच पेटंट हातात पडेल असं धरू नका. कारणंच नसलेला आदेश रद्द करून न्यायालय बऱ्याचदा अर्ज नव्यानं तपासायला परत पाठवतं.

वकिलाकडं जाण्याआधी क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणारा अर्जातला भाग, उघडून बघा. ओलावा आणि फेरे यांची सांगड क्लेममध्येच लिहिलेली हवी. ती नुसती वर्णनात असेल, तर वरचा सगळा युक्तिवाद लंगडा पडतो.