सहलीची बॅग भरण्याआधी: जर्मनीतल्या विद्यार्थ्यांची प्रश्नोत्तरे

नवी सेमिस्टर सुरू झाली, मित्रमंडळ जमलं, की शनिवार-रविवारच्या सहलींचे बेत ठरतात आणि त्यामागोमाग तेच ते प्रश्न येऊ लागतात. चुका नव्या नसतात. कुणीतरी ग्रुपवर ठोकून दिलेलं वाक्य वर्षानुवर्षं फिरत राहतं आणि त्याची किंमत नव्याने आलेल्या मुलांना मोजावी लागते. म्हणून त्यातले काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: आखेनहून नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला एका दिवसासाठी जातोय. शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांत, तपासणीच नसते. पासपोर्ट हरवण्यापेक्षा खोलीवर ठेवून मोबाइलमधला फोटो दाखवला तर चालेल ना?

नाही चालणार. मूळ पासपोर्ट आणि मूळ रेसिडेन्स परमिट कार्ड, दोन्ही सोबत हवीत. परमिट कार्ड पासपोर्टाच्या जोडीनेच ग्राह्य धरतात, एकटं नाही. आणि ‘तपासणी नसते’ हे आता जुनं झालं. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केली आणि त्यानंतर तिची मुदत वाढवत नेली. पोलीस बसमध्ये चढतात, रेल्वेतही चढतात. फोटो जरूर काढून ठेवा, पण त्याचा उपयोग कागद हरवल्यावर होतो, कागदाऐवजी नाही.

प्रश्न: आयर्लंड युरोपीय संघात आहे. मग जर्मन परमिटवर डब्लिनला जाता येईल?

नाही. आयर्लंड संघात आहे, शेंगेनमध्ये नाही. भारतीय पासपोर्टाला वेगळा व्हिसा लागतो आणि लंडनलाही तसाच.

प्रश्न: व्हिसा संपायच्या दोन दिवस आधी मी परमिटसाठी ऑनलाइन अर्ज केला. ‘अर्ज मिळाला’ असा ईमेल आलाय. येत्या शनिवारी प्रागला जायचं ठरतंय. रूममेट म्हणतो, तो असाच ईमेल दाखवून दोनदा जाऊन आला. जाऊ का?

जाऊ नका. तुमचा रूममेट जाऊन आला, कारण त्याला कुणी विचारलं नाही. यापलीकडे त्या दोन फेऱ्यांतून काहीही सिद्ध होत नाही.

हे एकदा नीट समजून घ्या, कारण सगळ्यात महागडी चूक इथेच होते. मुदत संपण्याआधी अर्ज कार्यालयात पोचला, तर जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१, परिच्छेद ४ नुसार तुमचा जुना राष्ट्रीय व्हिसा निर्णय लागेपर्यंत चालू आहे असं मानलं जातं. म्हणजे तुम्ही जर्मनीत कायदेशीरपणे राहताय, त्याबद्दल घाबरायचं कारण नाही. पण सीमेवरच्या पोलिसाला हे दाखवायचं तर ईमेल पुरत नाही. त्यासाठी फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा घडीचा कागद लागतो. त्याची फी १३ युरो आहे आणि तो तुमच्या शहराची आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांचं कार्यालय, देते.

तो हातात पडला म्हणजे झालं, असंही नाही. तिसरं पान उघडून बघा. तिथे तीन चौकोन आहेत. खूण तिसऱ्या चौकोनावर हवी, जिथे परिच्छेद ४ चा उल्लेख आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या चौकोनावर असेल, तर त्या कागदाच्या आधारे बाहेरून जर्मनीत परत येता येत नाही. बरं, तिसऱ्यावर खूण असली तरी तो कागद एकटा चालत नाही. पासपोर्ट आणि मुदत संपलेला व्हिसा किंवा जुनं कार्ड त्याच्यासोबत दाखवावं लागतं. ‘संपलेलं कार्ड काय कामाचं’ म्हणून ते फेकून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मुदत संपल्यावर अर्ज केला तर वरचं संरक्षण आपोआप मिळत नाही. कार्यालयाच्या अखत्यारीत काही सूट असते, पण ती मागावी लागते आणि मिळेलच असं नाही. ‘अपॉइंटमेंटच मिळत नव्हती’ हे कारण मला पटत नाही. अपॉइंटमेंट आणि अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज पोर्टलवरून, ईमेलने किंवा टपालाने वेळेत पोचवा आणि पोचल्याचा पुरावा जपा. दोन दिवस आधी नाही, निदान सहा ते आठ आठवडे आधी. आणि मेसेजिंग ॲपवर अपॉइंटमेंट विकणाऱ्या दलालांना एक सेंटही देऊ नका. अपॉइंटमेंट फुकट असते.

परतताना सीमेवर अडवलं गेलं, तर नव्याने व्हिसा काढायची वेळ येऊ शकते आणि त्यात सेमिस्टर जाते. आउसलेंडरबेहोर्डेला दोन ओळींचा ईमेल लिहा: मला अमुक तारखेला तमुक देशात जायचं आहे, या कागदावर परत येता येईल का? उत्तर लेखी घ्या. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसलाही विचारा. तोवर प्राग थांबेल.

प्रश्न: डॉइचलांडटिकेटवर म्युनिकहून साल्झबुर्गला गेलो. परतीची गाडी तासापेक्षा जास्त उशिरा, म्हणून रेलजेटमध्ये बसलो आणि ६० युरो दंड बसला. चूक तर रेल्वेची होती!

उशीर रेल्वेचा होता, पण गाडी तुम्ही चुकीची पकडली. हे तिकीट आरई, आरबी, एस-बान अशा स्थानिक गाड्यांचं. साल्झबुर्गपर्यंत ते चालतं, पण त्याच मार्गावरच्या आयसीई, ईसी, रेलजेट या लांब पल्ल्याच्या गाड्यांत नाही. ‘वीस मिनिटं उशीर झाला की कुठलीही गाडी धरा’ हा नियम नेहमीच्या तिकिटांचा आहे, डॉइचलांडटिकेट त्यातून वगळलेलं आहे. दंडाच्या पत्राकडे दुर्लक्ष करू नका, रक्कम वाढत जाते. पत्रात दिलेल्या मुदतीत भरा किंवा हरकत घ्या.

भरपाई मिळते, पण थोडी: साठ मिनिटं किंवा जास्त उशिराला दीड युरो. चार युरोंखालची रक्कम देत नाहीत, म्हणून असे तीन प्रसंग एकत्र करून अर्ज करायचा, तोही तीन महिन्यांच्या आत. एका प्रवासाचं साधं तिकीट असेल तर साठ मिनिटांना भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांना ५० टक्के. वादळासारख्या कारणांना तेही नाही.

प्रश्न: स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला ट्रेकला जातोय. माझ्या हेल्थ इन्शुरन्स कार्डाच्या मागे युरोपियन कार्ड आहे. वेगळा विमा घ्यायची गरज आहे का?

आहे. कार्डाच्या मागची निळी बाजू बघून सगळे निर्धास्त होतात. पण युरोपीय संघाबाहेरच्या देशांच्या नागरिकांना ते कार्ड स्वित्झर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइनमध्ये वापरता येत नाही. तुमचा जर्मन वर्गमित्र त्याच कार्डावर उपचार घेईल, तुम्हाला बिल येईल. शिवाय डोंगरातून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च हे कार्ड कुठेच उचलत नाही आणि तो हजारो युरोंत जातो. वार्षिक प्रवासी आरोग्य विमा साधारण दहा-वीस युरोंत मिळतो. घेताना त्यात बचावकार्य आहे का, हे शोधा. नसेल तर ते वेगळं घ्या. तिशीनंतर खाजगी विमा घेतलेल्यांकडे बहुधा हे युरोपियन कार्डच नसतं, त्यांनी आपल्या विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावं.

आणि राजगड-हरिश्चंद्रगड केलेत म्हणून आल्प्स जमेल, असं धरू नका. जूनमध्येही उत्तरेकडच्या उतारांवर जुना, घट्ट बर्फ असतो आणि त्यावर स्पोर्ट्स शूज घसरतात. वाटेवरच्या पिवळ्या फलकांवरची चालण्याची वेळ विश्रांती न धरता लिहिलेली असते. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, तिथे बूट आणि सवय हवी. पांढरा-निळा-पांढरा दिसला की मागे फिरा. शेवटच्या केबल कारची वेळ आधी लिहून घ्या. हेलिकॉप्टर बचावासाठी १४१४, एरवी ११२. युरोपीय संघातलं मोफत रोमिंग स्वित्झर्लंडला आपोआप लागू होत नाही, तेव्हा निघण्याआधी आपला प्लॅन तपासा आणि नकाशा डाउनलोड करा.

प्रश्न: ‘फ्रँकफर्ट-हान’ फ्रँकफर्टपासून किती लांब?

सुमारे १२० किलोमीटर. नावावर जाऊ नका. बसचं भाडं आणि वेळ धरून मग तिकीट स्वस्त की महाग ते ठरवा.

प्रश्न: रोमहून फ्रँकफर्टला विमान साडेचार तास उशिरा आलं. एक ॲप म्हणतं, ‘३० टक्के द्या, भरपाई मिळवून देतो.’ देऊ का?

कशाला? २६१/२००४ या युरोपीय नियमानुसार १५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला, तीन तास किंवा अधिक उशिराने पोचल्यास २५० युरो मिळतात. त्यातले ७५ युरो एक फॉर्म भरण्यासाठी कशाला घालवता? विमान कंपनीच्या साइटवरचा फॉर्म तुम्हीच भरा: बुकिंग क्रमांक, बोर्डिंग पास, खाते क्रमांक. उशीर मोजायचा तो विमानाचं दार उघडेपर्यंतचा, चाकं टेकेपर्यंतचा नाही. व्हाउचर देऊ केलं तर लगेच होकार देऊ नका. खराब हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाचा संप असेल तर पैसे मिळत नाहीत, पण जेवणाची आणि गरज पडल्यास हॉटेलची सोय त्यांनी करायचीच असते. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर जर्मनीतल्या प्रवासी तंटा निवारण केंद्राकडे जा. प्रवाशाला तिथे फी नाही.

प्रश्न: इथे येऊन आठ महिने झाले. भारतीय लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट आहे. ब्लॅक फॉरेस्टला भाड्याची गाडी चालवू शकतो का?

चालवू नका. जर्मनीत मुक्काम केल्यापासून सहा महिनेच भारतीय लायसन्स चालतं. इंटरनॅशनल परमिट हे भाषांतर आहे, त्याने मुदत वाढत नाही. त्यानंतर गाडी चालवणं हा नुसता दंडाचा नव्हे, फौजदारी गुन्हा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी तुमच्याकडून पैसे वसूल करायला येऊ शकते. काउंटरवरच्या माणसाने किल्ली दिली, म्हणजे कायद्याने परवानगी दिली असं होत नाही. एकूण मुक्काम बारा महिन्यांपेक्षा जास्त नसेल, तर मुदत वाढवून मागता येते. फ्युररशाइनश्टेलेत, म्हणजे लायसन्सच्या कार्यालयात, विचारा.

प्रश्न: बार्सिलोनात पासपोर्ट, परमिट कार्ड आणि बँक कार्ड एकाच पाऊचमधून चोरीला गेलं तर? अजून झालं नाहीये, पण भीती वाटते.

आधी स्थानिक पोलिसांत तक्रार करा आणि तिची प्रत घ्या, प्रतीशिवाय पुढचं काही हलत नाही. मग जर्मनीच्या +४९ ११६ ११६ या क्रमांकावर बँक कार्ड आणि परमिट कार्डातली ऑनलाइन ओळख बंद करा. त्यानंतर स्पेनमधली भारतीय वकिलात. इथे सावध राहा: घाईत मिळणारं इमर्जन्सी सर्टिफिकेट फक्त भारतात परत जाण्यासाठी असतं, त्यावर जर्मनीत येता येत नाही. नवा पासपोर्ट तिथे मिळेल का आणि किती दिवसांत, हे आधी विचारा. त्याच दिवशी स्पेनमधल्या जर्मन वकिलातीला आणि आपल्या आउसलेंडरबेहोर्डेला कळवा. ‘बसने गुपचूप परत या’ हा सल्ला ऐकू नका.

आणि आजच पासपोर्ट व परमिटच्या दोन्ही बाजूंचे स्कॅन घरच्या एखाद्या माणसाकडे पाठवून ठेवा. पासपोर्ट एका खिशात, कार्ड दुसऱ्या खिशात. एकाच पाऊचमध्ये कधीही नाही.