टॅपेट आवळून आवाज बंद करू का?

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीचं इंजिन सुरू केलं की वरून शिवणयंत्रासारखी बारीक टिकटिक ऐकू येते. मेकॅनिक म्हणतो, ‘टॅपेट वाजतायत, जरा आवळतो, एकदम गप्प होईल.’ गाडी ओढायला चांगली आहे. आवळून घेऊ का? आणि हे टॅपेट प्रकरण नेमकं काय असतं?

उत्तर : अंदाजानं आवळू देऊ नका. आधी गॅप मोजून घ्या.

कागद उडू नयेत म्हणून माझ्या टेबलावर एक जळका एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला वायू सिलिंडरबाहेर सोडणारी झडप, ठेवलेला असतो. लांब दांडा आणि टोकाला छत्रीसारखी चकती. चकतीच्या कडेचा नखाएवढा तुकडा गायब आहे, उंदरानं कुरतडल्यासारखा. हा बळी मीच घेतला, शिकाऊ असताना. गिऱ्हाइकाला शांत इंजिन हवं होतं, मी टॅपेट आवळून दिलं. काही महिन्यांनी गाडी परत आली, ती तीनच सिलिंडरवर.

त्याचं असं होतं. कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा; त्यावरचा अंड्याच्या आकाराचा उंचवटा रॉकरला, म्हणजे एका छोट्या तरफेला, ढकलतो, रॉकर व्हॉल्व्हचा दांडा दाबतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. उंचवटा सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्हला पुन्हा सीटवर, म्हणजे इंजिनाच्या हेडमधल्या त्याच्या बसायच्या कड्यावर, बसवते. क्रँकचे, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे झाले की कॅमचा एक. म्हणजे क्रँक मिनिटाला 3000 फिरत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हवरून तर जळता वायूच बाहेर पडतो. ती उष्णता सोडायला त्याला मुख्यतः एकच जागा : सीट. मिटून सीटला चिकटला की उष्णता हेडमध्ये आणि तिथून कूलंटच्या पाण्यात जाते.

तापला की दांडा लांबतो. ती वाढ सामावावी म्हणून रॉकर आणि दांडा यांच्यामध्ये थंड इंजिनात केसाएवढी फट ठेवतात. हीच टॅपेटची गॅप; टॅपेट आवळणं म्हणजे ती कमी करणं. इनटेकला, म्हणजे आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला, साधारण 0.15 ते 0.20 मिलिमीटर, एक्झॉस्टला त्याहून थोडी जास्त. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातला धरायचा. ही फटच नसेल तर तापलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळतं, उष्णता सोडायला सीट मिळत नाही, आणि कड जळते. हे सगळं आवाज न करता.

गंमत म्हणजे झीज दोन्ही बाजूंनी होते. रॉकर किंवा कॅम झिजला की फट वाढते, टिकटिक होते, तुम्ही गाडी दाखवायला नेता. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो, दांडा वर येतो आणि फट आपोआप कमी होत जाते. सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनात हे लवकर घडतं. म्हणून जुनी गाडी अचानक शांत झाली तर मला आनंद होत नाही.

तेव्हा इंजिन रात्रभर थंड होऊ द्या, हेडचं कव्हर काढायला सांगा आणि ज्या सिलिंडरचं मोजायचं त्याचा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी वर आणून फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, पातळ पट्टी फटीत घालायला लावा. पट्टी सरकली पाहिजे, पण जराशी धरून; दमट वहीतलं पान सोडवल्यासारखी. सगळ्या फटी कागदावर लिहून घ्या. आकड्यांत बसल्या तर टिकटिक राहू द्या.

फट आधीच कमी निघाली आणि आयडलला गाडी थरथरत असेल, तर कॉम्प्रेशन तपासा. एक सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह, आणि मग हेड उतरवावं लागेल.

आणि हो, काही इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असतात. ते फट स्वतःच सांभाळतात. तुमचे तसे असतील तर आवळायला तिथं काहीच नसतं. पहिलं ऑइलची पातळी बघा.